रेडिओचा कागद आणि टॉवरवरची जबाबदारी

तालुक्याच्या गावांत आणि वाड्यावस्त्यांवर बिनतारी इंटरनेट पुरवणारे आम्ही छोटे व्यावसायिक नवा रेडिओ घेताना सहसा तीन गोष्टी विचारतो: लिंक किती किलोमीटर चालेल, गती किती मिळेल आणि किंमत काय पडेल. हे मॉडेल भारतात चालवण्यास मान्यता आहे का, ती कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या अँटेनासह तपासून दिलेली आहे, ही चौथी विचारणा मागे पडते. कोणी विचारलेच तर ‘सगळे अप्रूव्हड आहे, काळजी करू नका’ असे उत्तर मिळते आणि विषय तिथेच मिटतो. माझ्या मते आमच्या धंद्याचे पुढे काय होणार हे या चौथ्या प्रश्नावर बरेचसे अवलंबून आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात कायद्यापासून केली पाहिजे, कारण ‘फ्री बँड’ (परवाना न लागणारा वारंवारितांचा पट्टा) या शब्दाने आपल्याकडे बराच गैरसमज पसरवला आहे. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासाठीसुद्धा परवाना आवश्यक केला होता आणि विनापरवाना प्रक्षेपक बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. आपण आज ज्या पट्ट्यांमध्ये काम करतो ते पट्टे केंद्र सरकारने वेळोवेळी नियम करून, काही अटींवर, या सक्तीतून वगळलेले आहेत. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला; त्यात प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट, अँटेनासह हवेत जाणारी एकूण शक्ती ४ वॅट आणि अँटेनाची उंची इमारतीच्या छतापासून ५ मीटरच्या आत, अशा मर्यादा घातलेल्या होत्या. ५ गिगाहर्ट्झमध्ये त्या वेळी जे मिळाले ते इमारतीच्या आतल्या वापरापुरते होते. २००७ मध्ये ५८२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा ५० मेगाहर्ट्झचा तुकडा मिळाला आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ उघड्यावरच्या लिंकसाठी नियमात बसणारी ५ गिगाहर्ट्झची जागा तेवढीच राहिली. ऑक्टोबर २०१८ च्या नियमांनी ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ असे मिळून ६०५ मेगाहर्ट्झ वायरलेस अ‍ॅक्सेससाठी परवानामुक्त केले. छोट्या पुरवठादारांच्या दृष्टीने गेल्या वीस वर्षांतला हा सर्वांत मोठा निर्णय आहे, असे मी मानतो.

परवानामुक्त पट्टा म्हणजे गावाचे गायरान आहे. तेथे गुरे चारायला कोणाची चिठ्ठी लागत नाही, परंतु म्हणून कोणाला कुंपण घालता येत नाही आणि दुसऱ्याच्या गुरांना हुसकावताही येत नाही. नियमांच्या भाषेत सांगायचे तर आपला वापर हा कोणालाही अडथळा न करण्याच्या, कोणत्याही संरक्षणाचा हक्क न सांगण्याच्या आणि सर्वांनी मिळून वापरण्याच्या तत्त्वावर असतो. परवानाधारक यंत्रणेने आपल्यामुळे त्रास होतो अशी तक्रार केली, तर सरकार आपल्याला रेडिओची जागा बदलण्यास, शक्ती कमी करण्यास किंवा वेगळ्या प्रकारची अँटेना लावण्यास सांगू शकते आणि तेवढ्याने भागले नाही तर लिंक बंद करावी लागते. आपले ग्राहक किती आहेत, त्यात शाळा आहे की दवाखाना आहे, हा मुद्दा तेथे येत नाही. परवान्याची अट काढताना सरकारने एक अट मात्र कायम ठेवलेली आहे, ती म्हणजे उपकरणाला ‘टाइप अप्रूव्हल’ असले पाहिजे. चालवणाऱ्या प्रत्येक माणसाची तपासणी करणे शक्य नाही, म्हणून यंत्राचीच तपासणी करून त्याला हवेत सोडायचे, असा त्यामागचा साधा विचार आहे आणि तो मला पटतो.

ही मान्यता दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून, म्हणजे डब्ल्यूपीसीकडून मिळते आणि तिला आपण ईटीए (इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल) म्हणतो. अर्ज सरल संचार या पोर्टलवर होतो आणि त्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. त्या अहवालात रेडिओ कोणत्या वारंवारितांवर चालतो, त्याची शक्ती किती आहे आणि पट्ट्याबाहेर किती गळती होते, याची मोजमापे असतात. अर्ज सामान्यतः उत्पादक किंवा आयातदार करतो. छोट्या पुरवठादाराला स्वतः ईटीए काढण्याची वेळ सहसा येत नाही आणि नेमके त्यामुळेच तो कागद त्याच्या नजरेआड राहतो.

मान्यता मॉडेलला असते, कंपनीला नसते, ही गोष्ट मी जितक्या वेळा सांगेन तितकी थोडीच आहे. मध्यंतरी एका वितरकाकडे पाच गिगाहर्ट्झच्या रेडिओचे ईटीए मागितले, तेव्हा त्याने तत्परतेने पीडीएफ पाठवली. प्रमाणपत्र खरे होते, कंपनीही तीच होती, परंतु प्रमाणपत्रावरच्या मॉडेलच्या नावाच्या शेवटी असलेले अक्षर आणि खोक्यावरचे अक्षर वेगळे होते. एका मॉडेलमध्ये अँटेना अंगचीच होती आणि दुसऱ्यात बाहेरची डिश जोडण्यासाठी दोन कनेक्टर दिलेले होते. वितरकाच्या मते हा किरकोळ फरक होता, कारण ‘आतली चिप एकच आहे’. माझ्या मते फरक मुळातच आहे, कारण अंगच्या अँटेनाचा रेडिओ किती शक्ती फेकणार हे कारखान्यात ठरलेले असते, तर कनेक्टरच्या रेडिओच्या बाबतीत ते टॉवरवर चढलेला माणूस ठरवतो. मी तो माल घेतला नाही.

टॉवरवर काय ठरते हे आकड्यांत पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. २.४ गिगाहर्ट्झमध्ये हवेत जाणाऱ्या शक्तीची, म्हणजे ईआयआरपीची, मर्यादा ४ वॅट आहे आणि ४ वॅट म्हणजे ३६ डीबीएम (डीबीएम हे शक्तीचे माप आहे; त्यात १० वाढले की शक्ती दसपट होते). रेडिओ २७ डीबीएम देतो, केबल आणि कनेक्टरमध्ये १ डीबी जातो आणि त्यापुढे २४ डीबीआय गेनची, म्हणजे शक्ती एका दिशेला तितकी एकवटणारी, ग्रिड अँटेना आहे, असे धरू. बेरीज ५० डीबीएम होते आणि ५० डीबीएम म्हणजे १०० वॅट. मर्यादेच्या पंचवीस पट शक्ती आपण हवेत सोडत असतो आणि या साखळीतली प्रत्येक वस्तू बाजारात उघडपणे विकत मिळते. रेडिओला ईटीए असेल, अँटेनाही चांगल्या कंपनीची असेल, तरीही जोडून तयार झालेली वस्तू नियमात बसत नाही. ती बसवायची असेल तर त्याच ग्रिडवर रेडिओची शक्ती १३ डीबीएमपर्यंत, म्हणजे सुमारे २० मिलिवॅटपर्यंत, खाली आणावी लागते. ‘लिंक मिळत नाही, पॉवर वाढव’ हे वाक्य ज्या सहजतेने फोनवर बोलले जाते, त्या सहजतेने ही बेरीज कोणी करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिवाय पॉवर वाढवल्याने लिंक सुधारतेच असेही नाही. समोरच्या टोकाच्या रेडिओकडून आपल्याकडे येणारा सिग्नल तितकाच कमकुवत राहतो आणि शेजारच्या गावातल्या दुसऱ्या पुरवठादाराचा नॉइज फ्लोअर, म्हणजे पार्श्वभूमीचा गोंगाट, मात्र वर जातो. मग तोही पॉवर वाढवतो आणि शेवटी दोघांचेही ग्राहक रात्री आठनंतर तक्रार करू लागतात.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी आला आणि तेथे त्याचे जे उत्तर काढले गेले ते अभ्यासण्यासारखे आहे. दोन हजार सालानंतरच्या वर्षांत तेथील अनेक छोटे पुरवठादार बोर्ड एका कंपनीचे, मिनी-पीसीआय रेडिओ कार्ड दुसऱ्या कंपनीचे आणि अँटेना तिसऱ्या कंपनीची घेऊन स्वतःच जोडणी करत असत. स्वस्त पडत असे, दुरुस्ती सोपी होती आणि ग्रामीण अमेरिकेत इंटरनेट पोहोचवण्यात या लोकांचा वाटा मोठा आहे. परंतु तेथील नियामक एफसीसीच्या नियमांनुसार प्रमाणपत्र मिळते ते रेडिओ आणि अँटेना मिळून होणाऱ्या यंत्रणेला. ज्या प्रकारच्या अँटेनासह चाचणी झाली असेल, त्याच प्रकारची आणि तितक्याच किंवा त्याहून कमी गेनची दुसरी अँटेना लावण्याची मुभा आहे. त्यापलीकडची जोडणी प्रमाणपत्राच्या बाहेर जाते. बाहेरून लावायचा अ‍ॅम्प्लिफायर, ज्याला आपल्याकडे बूस्टर म्हणतात, तो सुटा विकण्यावरही तेथे बंधने आहेत. पुरवठादाराला सोयीची वाटावी अशी गोष्ट या नियमात आहे: अँटेनाच्या प्रत्येक मॉडेलची वेगळी चाचणी मागितलेली नाही, प्रकार आणि गेन पाहून टॉवरवरचा माणूस स्वतः निर्णय घेऊ शकतो.

नियम असून ते पाळले गेले नाहीत तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पोर्टो रिकोमधले आहे. विमानतळांजवळ वाऱ्याची दिशा आणि वेग अचानक बदलल्याने विमाने कोसळू नयेत म्हणून अमेरिकेत टर्मिनल डॉप्लर वेदर रडार नावाची खास रडारे बसवलेली आहेत आणि ती ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झमध्ये चालतात. २००९ मध्ये सॅन ह्वानच्या अशा रडारच्या पडद्यावर केंद्रातून कडेपर्यंत जाणाऱ्या पट्ट्या दिसू लागल्या. शोध घेतल्यावर त्या पट्ट्यांच्या दिशेला बिनतारी इंटरनेट पुरवठादारांचे ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ सापडले. अशा रेडिओंमध्ये डीएफएस नावाची सोय असावी लागते: चॅनेल घेण्यापूर्वी ६० सेकंद ऐकायचे, रडार आढळल्यास १० सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि ३० मिनिटे तेथे परतायचे नाही. काही ठिकाणी ही सोय बंद केलेली होती आणि काही उपकरणांत ती चालू असूनही त्या रडारचे स्पंद ओळखत नव्हती. जुलै २०१० मध्ये एफसीसीने उत्पादकांना आणि पुरवठादारांना लेखी कळवले की अशा रडारपासून ३५ किलोमीटरच्या आत आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात असलेल्या रेडिओंनी रडारच्या वारंवारितेपासून किमान ३० मेगाहर्ट्झ दूर राहावे. काही पुरवठादारांना दंड झाले आणि ५६०० ते ५६५० या तुकड्यात नव्या उपकरणांना प्रमाणपत्र देणे २०१४ चे सुधारित नियम येईपर्यंत थांबले. मोजक्या लोकांनी मेनूमधली एक खूण काढल्याची किंमत साऱ्या देशातल्या पुरवठादारांनी मोजली.

ही कथा आपल्यापासून फार दूरची नाही. मुंबईत वेरावली येथे हवामान खात्याचे सी-बँडचे डॉप्लर रडार आहे आणि आपले ५ गिगाहर्ट्झचे पट्टे याच सी-बँडमध्ये येतात. पावसाळ्यात मुंबई आणि आसपासच्या भागाला तासाभरात काय येणार आहे हे सांगण्यासाठी त्या पडद्यावरच्या चित्राचा उपयोग होतो. वसई, पनवेल किंवा कल्याणच्या पट्ट्यात डोंगरमाथ्यावर किंवा उंच इमारतीवर रेडिओ लावणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी डीएफएस बंद करण्याचा विचारही मनात आणू नये, असे मी अगदी कळकळीने सांगेन.

डीएफएस बंद करण्याची वाट बहुतेक वेळा ‘कंट्री’ या एका रकान्यातून जाते. रेडिओच्या सेटिंगच्या पानावर देशांची यादी उघडते आणि निवडलेल्या देशाप्रमाणे चॅनेल व शक्तीची मर्यादा आपोआप बदलते. २०१८ पूर्वी भारत निवडला की चॅनेल फारच थोडे दिसत, म्हणून दुसराच देश निवडण्याची सवय आपल्याकडच्या कित्येक इन्स्टॉलर मुलांना लागली आणि जागा वाढल्यानंतरही ती सुटलेली नाही. प्रमाणपत्राच्या दृष्टीने फर्मवेअर, म्हणजे रेडिओच्या आतले सॉफ्टवेअर, हा उपकरणाचाच भाग आहे. अमेरिकेने २०१४ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या उपकरणांना सॉफ्टवेअर सुरक्षित ठेवण्याची अट घातली ती याच कारणाने आणि २०१६ मध्ये टीपी-लिंकने वापरकर्त्याला मान्य मर्यादेपलीकडची शक्ती निवडता येईल असे राउटर विकल्याच्या प्रकरणात २ लाख डॉलर भरून एफसीसीशी तडजोड केली. त्या तडजोडीत पर्यायी, खुल्या फर्मवेअरला वाट ठेवण्यासाठी कंपनीने प्रयत्न करावा असेही ठरले, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. फर्मवेअर पूर्णपणे कुलूपबंद करणे हा छोट्या पुरवठादाराच्या हिताचा उपाय नाही. रेडिओची शक्ती आणि चॅनेल एवढेच कुलपात ठेवून राउटिंगचा भाग मोकळा ठेवता येतो.

ईटीएखेरीज आपल्याकडे आणखीही कागद आहेत आणि ते वेगवेगळ्या दारांतून येतात. दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या चाचणीची एमटीसीटीई ही योजना २०१७ च्या नियमांनी आली आणि टप्प्याटप्प्याने लागू होत गेली. ती टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटर चालवते आणि त्यात विद्युत सुरक्षितता, विद्युतचुंबकीय अडथळा आणि तांत्रिक गरजा तपासल्या जातात; परदेशी उत्पादकाला त्यासाठी भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. संपर्क सुरक्षेच्या चाचण्यांचे काम बंगळुरूचे नॅशनल सेंटर फॉर कम्युनिकेशन सिक्युरिटी पाहते. पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच रेडिओला वीज देणाऱ्या, अडॅप्टरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असावा लागतो. रेडिओसोबत आलेला अडॅप्टर जळाल्यावर बाजारातून आणलेल्या स्वस्त अडॅप्टरवर ती खूण नसते, हे मी वारंवार पाहतो. त्यावर १५ जून २०२१ पासून विश्वासार्ह स्रोतांचा निर्देश लागू आहे, ज्यानुसार परवानाधारकाने आपल्या जाळ्यात नवे उपकरण जोडण्यापूर्वी ते ट्रस्टेड टेलिकॉम पोर्टलवरून मान्य करून घ्यायचे असते. ही जबाबदारी थेट आयएसपी, म्हणजे इंटरनेट पुरवठादार, परवानाधारकावर आहे आणि ती सी वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान क्षेत्राच्या, परवान्यालाही सुटलेली नाही.

येथे माझी एक तक्रार आहे आणि ती मी स्पष्टपणे नोंदवतो. युनिफाइड लायसन्सच्या व्यवस्थेत सी वर्गाच्या इंटरनेट परवान्याचे प्रवेश शुल्क २० हजार रुपये ठेवले गेले, तर संपूर्ण देशासाठीच्या ए वर्गाचे ३० लाख रुपये. याचा अर्थ लहान माणसाने या व्यवसायात यावे अशी शासनाचीच इच्छा होती. परंतु उपकरणांच्या बाबतीत दोघांपुढचे दरवाजे सारखेच आहेत. मोठ्या कंपनीकडे या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. छोट्याकडे मालक, एक हिशेबनीस आणि टॉवरवर चढणारी दोन मुले असतात. त्याला हवे आहे ते एवढेच, की मॉडेलचे नाव टाकल्यावर ईटीए, एमटीसीटीई, सुरक्षा चाचणी आणि विश्वासार्ह स्रोत यांची स्थिती एकाच ठिकाणी दिसावी आणि त्याच नोंदीत चाचणी कोणत्या प्रकारच्या व किती गेनच्या अँटेनासह झाली हेही लिहिलेले असावे. चाचणी अहवालांत ही माहिती आजही असते. ती टॉवरवरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही आणि म्हणून प्रमाणपत्र आयातदाराच्या फाइलीत शुद्ध राहते आणि हवेत मात्र १०० वॅट जातात. नियम शिथिल करा असे मी म्हणत नाही. जो माणूस प्रत्यक्षात नियम पाळणार आहे, त्याला तो वाचता येईल असा करा, एवढीच मागणी आहे.

तोपर्यंत आपण काय करू शकतो, हेही सांगतो. आमच्याकडे प्रत्येक लिंकची एक नोंद असते. रेडिओच्या मागच्या लेबलचा फोटो, मॉडेलचे पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासह, ईटीएचा क्रमांक, अँटेनाचा प्रकार आणि गेन, केबलची लांबी, ठेवलेली शक्ती, त्यावरून काढलेली ईआयआरपी, निवडलेला देश, डीएफएस चालू असल्याचा स्क्रीनशॉट आणि फर्मवेअरची आवृत्ती एवढे त्यात येते. फर्मवेअर बदलले की नोंद पुन्हा तपासायची, कारण अपडेटनंतर देशाचा रकाना किंवा अँटेना गेनचा आकडा मूळपदावर गेल्याची उदाहरणे आहेत. विशेषतः अँटेना गेनचा रकाना शून्य राहिला तर रेडिओला बाहेर डिश आहे हे कळतच नाही आणि तो पूर्ण शक्ती फेकत राहतो. खरेदीच्या ऑर्डरवर ‘ईटीए प्रमाणपत्रावरील मॉडेल आणि पुरवलेले मॉडेल तंतोतंत एक असावे, अन्यथा माल परत’ असे वाक्य छापून घेतल्यापासून वितरकांशी होणारी चर्चा पुष्कळ सोपी झाली आहे.

सध्या बाजारात ६ गिगाहर्ट्झच्या रेडिओंची चर्चा आहे, म्हणून त्याविषयीही लिहितो. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये हा १२०० मेगाहर्ट्झचा पट्टा खुला केला आणि वारंवारितांचे स्वयंचलित नियोजन करणाऱ्या यंत्रणेच्या देखरेखीखाली तेथे उघड्यावर ३६ डीबीएमपर्यंत शक्ती वापरता येते. आपल्या दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ एवढाच भाग होता आणि त्यात इमारतीच्या आत ३० डीबीएम व बाहेर १४ डीबीएम अशी मर्यादा धरलेली होती. १४ डीबीएम म्हणजे २५ मिलिवॅट, तीही अँटेनाचा गेन धरून. एवढ्या शक्तीत गावापासून गावापर्यंतची लिंक उभी राहत नाही. त्यामुळे ‘एफसीसी सर्टिफाइड’ असे लेबल असलेला ६ गिगाहर्ट्झचा डिश रेडिओ कोणी स्वस्तात देऊ केला, तर त्या लेबलाचा भारतात काहीही उपयोग नाही हे ध्यानात ठेवावे आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याच मॉडेलचे ईटीए मागावे.